उन्हाची लाट येण्याआधी सॅलिसिलिक ॲसिडची फवारणी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४३-४५ अंश सेल्सिअसवर जातो, काही दिवस त्याच्याही पुढे. केळी, मिरची, टोमॅटो, उन्हाळी भुईमूग या उन्हात तगावेत म्हणून सॅलिसिलिक ॲसिड, एनएए (नॅप्थलीन ॲसेटिक ॲसिड, वाढीचे संप्रेरक) आणि ‘ताणनाशक’ नावाने मिळणारी टॉनिके रावेरपासून शहाद्यापर्यंत फवारली जातात. अडचण अशी की, फवारणी बहुतेक वेळा पाने लोंबायला लागल्यावर, तहानलेल्या रानावर आणि चमच्याच्या अंदाजाने होते. गुण आला नाही की पुढच्या खेपेला मात्रा दुप्पट होते आणि उन्हाने राहिलेले काम ती मात्रा पूर्ण करते.

हा लेख मुख्यतः सॅलिसिलिक ॲसिडबद्दल आहे. ते स्वस्त आहे, सहज मिळते आणि सर्वात जास्त चुका त्याच्याच वापरात होतात. एनएएबद्दल शेवटी वेगळे लिहिले आहे.

फवारण्याआधी एवढे समजून घ्या

सॅलिसिलिक ॲसिड हे खत नाही, पाणी नाही आणि कीटकनाशकही नाही. झाड स्वतःच्या पेशींमध्ये ते थोड्या प्रमाणात तयार करते आणि ‘संकट येत आहे, तयारीला लागा’ असा निरोप त्याच्यामार्फत फिरतो. निरोप मिळाल्यावर पेशी कॅटालेज, पेरॉक्सिडेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही विकरे (एन्झाइम) वाढवतात. उन्हात पानांत साचणारे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक ऑक्सिजनचे रेणू ही विकरे निकामी करतात. प्रोलीन हे अमिनो आम्ल साठते. तापल्यावर प्रथिनांची घडी मोडू नये म्हणून काम करणारी ‘हीट शॉक’ प्रथिने लवकर तयार होतात. ही सगळी जुळवाजुळव व्हायला तासांचा, कधी एक-दोन दिवसांचा अवधी लागतो. म्हणूनच लाट येऊन गेल्यावर केलेल्या फवारणीचा उपयोग होत नाही.

इतर निरोपही त्याच वेळी फिरत असतात. मुळांना पाणी कमी पडले की ॲब्सिसिक ॲसिड हे संप्रेरक वाढते आणि पानांची छिद्रे मिटतात. पाणी वाचते, पण पानातून बाष्प जाणे थांबते आणि पान हवेपेक्षाही जास्त तापते. उन्हाने इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढते, त्याने पाते, फुले आणि कोवळी फळे गळतात. परागकोषातले ऑक्सिन (वाढीचे संप्रेरक) कमी होते आणि पराग वांझ निघतात. टोमॅटोत दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २१-२२ अंशांच्या वर राहिले की फळधारणा घटते, ती मुख्यतः परागामुळे. बाजरी पुष्कळ काटक, पण फुलोऱ्यात ४२ अंशांच्या वर तिचेही दाणे भरत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या वनस्पतीवर दाखवून दिले की तापमान २८ अंशांच्या आसपास गेले तरी झाडाची स्वतःचे सॅलिसिलिक ॲसिड तयार करण्याची ताकद घटते, आणि रोगाला तोंड देण्याची शक्तीही. म्हणजे ज्या काळात हा निरोप सर्वात जास्त हवा असतो, त्याच काळात झाड तो पुरेसा तयार करू शकत नाही. बाहेरून थोडी मदत देण्यामागे हाच तर्क आहे. मात्र ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मात्रा वाढली की हेच संयुग कॅटालेजला अडवते, पेशींत पेरॉक्साइड वाढवते आणि पानांच्या कडा जाळते.

टप्पा १: आधी रान ओले, मग पंप पाठीवर

कोरड्या रानावर सॅलिसिलिक ॲसिड फवारू नका. मुळांकडून ‘छिद्रे मिटा’ असा निरोप आधीच गेलेला असतो. पान मिटलेले, तापलेले आणि कोमेजलेले असते. अशा पानावर आम्ल पडले तर शोषण कमी होते आणि करपणे जास्त.

क्रम असा ठेवा. फवारणीच्या आदल्या दिवशी पाणी द्या. कृषिपंपाची लाइट रात्री येत असेल तर फवारणी त्या रात्रीनंतरच्या सकाळी करा, आधीच्या सकाळी नको. केळीची बहुतेक मुळे वरच्या ३० सेंटीमीटरमध्ये असतात, त्यामुळे एकदाच भरपूर पाणी देऊन चार दिवस मोकळे राहण्यापेक्षा ड्रिपने रोज, शक्य असेल तर दोन हप्त्यांत पाणी दिलेले चांगले. लॅटरलच्या (ड्रिपच्या ओळीतल्या नळीच्या) टोकाच्या झाडांना पाणी पोहोचते का, हे चालत जाऊन पाहा. टोकाच्या ओळीच आधी कोमेजतात, आणि नेमक्या तिथेच पश्चिमेकडच्या कोरड्या वाऱ्याचा मारा जास्त असतो.

तपासा: ड्रिपरपासून वीतभर अंतरावर १५-२० सेंटीमीटर खोल माती काढा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, हाताला पाणी सुटता कामा नये. हा वाफसा असेल तरच पुढे जा.

शेवरी किंवा गजराज गवताचे वारारोधक कुंपण, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन, घडाला कोरड्या पानांची झाकण, घड सटकू नये म्हणून टेकू: ही कामे फवारणीने होत नाहीत. ती झालेली नसतील तर आधी ती करा. केळीच्या घडावर थेट ऊन पडून साल काळी पडते, ते कोणत्याही संप्रेरकाने थांबणार नाही.

टप्पा २: साहित्य जमवा, वजन काट्यावरच करा

लागणारे साहित्य:

- सॅलिसिलिक ॲसिड पावडर, शुद्धता ९८-९९ टक्के, प्रयोगशाळेला रसायने पुरवणाऱ्या दुकानातून
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, सोनाराकडे असतो तसा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, १५०-२०० मिलि
- पीएच पट्ट्या आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)
- सायट्रिक ॲसिड
- स्टिकर (स्प्रेडर), म्हणजे द्रावण पानावर पसरवून चिकटवणारे द्रव्य
- हॉलो कोन नोझलचा स्वच्छ पंप
- चष्मा, मास्क, हातमोजे

मात्रेचा हिशेब सोपा आहे. १०० पीपीएम म्हणजे एका लिटरला १०० मिलिग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम, २०० लिटरच्या ड्रमला २० ग्रॅम. ५० पीपीएम हवे असेल तर त्याच्या निम्मे.

माझा सल्ला असा: मिरची-टोमॅटोची नुकती लागवड, काकडीवर्गीय वेली आणि मूग यांना ५० पीपीएम. मोठी मिरची, भुईमूग आणि केळी यांना ७५ ते १००. कोणत्याही पिकात १५० पीपीएमच्या पुढे जाऊ नका. प्रयोगांमध्ये १ मिलिमोल, म्हणजे साधारण १३८ पीपीएमपर्यंतच्या मात्रा बऱ्याचदा वापरल्या जातात, पण ते प्रयोग बहुतेक कुंड्यांत किंवा नियंत्रित खोलीत झालेले असतात. मे महिन्यातल्या चोपड्याच्या रानात त्या मात्रेत चूक सामावायला जागा फार थोडी उरते.

सावध: अॅस्पिरिनच्या गोळ्या कुटून फवारण्याचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. त्या गोळीत असते ते ॲसिटिल सॅलिसिलिक ॲसिड, शिवाय स्टार्च आणि बांधणीची द्रव्ये. मात्रा नेमकी कळत नाही आणि गाळ नोझलमध्ये बसतो. चेहऱ्याला किंवा चामखिळीला लावायची मलमेही नकोत.

पावडर हलकी असते, नाकात आणि डोळ्यांत गेली की झोंबते. वजन घरात पंख्याखाली करू नका. ज्या भांड्यात वजन किंवा विरघळवण्याचे काम होईल ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

तयार टॉनिक घेत असाल तर एक पाहा. जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. बाटलीवर घटक आणि त्यांचे प्रमाण छापलेले नसेल, नुसतेच ‘उष्णतेपासून संपूर्ण संरक्षण’ लिहिलेले असेल, तर ती बाटली दुकानातच राहू द्या. बिल मागून घ्या. केळी निर्यातीसाठी करारावर दिलेली असेल तर खरेदीदाराच्या यादीत नसलेले काहीही, अगदी साधे सॅलिसिलिक ॲसिडही, त्याला विचारल्याशिवाय फवारू नका.

टप्पा ३: फवारणीचे पाणी तपासा

हा टप्पा सर्वात जास्त वगळला जातो, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच असते.

आपल्याकडच्या पुष्कळ बोअरचे पाणी जड असते. त्यात बायकार्बोनेट भरपूर आणि पीएच ८ च्या आसपास. अशा पाण्यात टाकलेले सॅलिसिलिक ॲसिड जवळपास सगळे सॅलिसिलेट होते. ते विरघळते, द्रावण स्वच्छ दिसते, पण या विद्युतभारित रूपाला पानाच्या मेणचट थरातून आत जायला जास्त अवघड जाते. पाण्याचा पीएच ६ ते ६.५ केला तरी बहुतेक सगळे सॅलिसिलेटच राहते, पण शोषण थोडे सुधारते आणि पानही भाजत नाही.

करायचे असे. दहा लिटर पाणी बादलीत घ्या. त्यात एक-एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका, ढवळा, पाच मिनिटे थांबा, पट्टी बुडवा. पीएच ६ ते ६.५ दिसला की किती ग्रॅम लागले ते लिहून ठेवा. २०० लिटरच्या ड्रमला त्याच्या वीसपट. हा आकडा प्रत्येक विहिरीचा वेगळा असतो, शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही. एप्रिलमध्ये पाणी खोल गेले की तो बदलतो, म्हणून हंगामात दोनदा तपासा.

साठवलेले पावसाचे पाणी किंवा आरओचे पाणी वापरत असाल तर चूक उलटी होते. त्या पाण्यात आम्ल मारायला काही नसते. १०० पीपीएम सॅलिसिलिक ॲसिडने पीएच ३.३ च्या आसपास उतरतो आणि ते थेट पानावर गेले तर कोवळी पाने भाजतात. अशा पाण्यात आपल्याच विहिरीचे पाणी थोडे थोडे मिसळून पीएच ६ च्या आसपास आणा. इथे सायट्रिक ॲसिड अजिबात नको.

तपासा: पीएच ड्रम भरून झाल्यावर, सॅलिसिलिक ॲसिड मिसळल्यानंतर पुन्हा एकदा पाहा. पट्टी ५.५ च्या खाली दाखवत असेल तर फवारू नका.

टप्पा ४: विरघळवण्याची रीत

सॅलिसिलिक ॲसिड थंड पाण्यात फार कमी विरघळते, एका लिटरला साधारण दोन ग्रॅम, तेही वेळ घेऊन. पावडर थेट ड्रममध्ये टाकली की ती वर तरंगते किंवा तळाशी बसते. पहिल्या पंपात काहीच जात नाही, शेवटच्या पंपात सगळे जाते. मग ‘अर्ध्या शेतात गुण आला नाही, अर्धे जळाले’ असे ऐकू येते.

१. २० ग्रॅम पावडर काचेच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या भांड्यात घ्या.
२. त्यात सुमारे १५० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून कण दिसेनासे होईपर्यंत हलवा.
३. पीएच दुरुस्त केलेल्या पाण्याने ड्रम तीन चतुर्थांश भरा.
४. ड्रम काठीने जोरात ढवळत असताना हे द्रावण बारीक धारेने ओता. धार थांबली की आणखी पाच मिनिटे ढवळा.
५. उरलेले पाणी भरा.
६. स्टिकर सर्वात शेवटी, लिटरला अर्धा मिलि. आधी टाकला तर फेस होतो आणि मापाचा अंदाज येत नाही.

सावध: अल्कोहोल पेट घेते. जवळपास विडी, चूल, चालू इंजिन नको.

अल्कोहोल मिळाले नाही तर एक लिटर उकळत्या पाण्यात २० ग्रॅम विरघळते. ते गरम असतानाच ड्रममध्ये ओता, भांड्यात थंड होऊ दिले तर सुईसारखे खडे पुन्हा बसतात. तिसरा मार्ग सोडियम सॅलिसिलेटचा. ते पाण्यात सहज विरघळते, पण वजन वेगळे धरावे लागते: १०० पीपीएमच्या बरोबरीला २०० लिटरला २३ ग्रॅम.

सोबत काय मिसळू नये, याची यादी ठेवा. लोह असलेले सूक्ष्म अन्नद्रव्य टाकले की द्रावण जांभळट होते, कारण सॅलिसिलेट लोहाला धरून बसते. मग दोन्ही वाया. तांबेयुक्त बुरशीनाशक, बोर्डो, गंधक आणि कोणतेही कीटकनाशक या फवारणीत नको. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) हे खत यात एकत्र करून फवारणारे पुष्कळ आहेत. मी ते दोन दिवसांच्या अंतराने वेगळे फवारायला सांगेन, कारण पाने भाजली तर दोष कशाचा हे कळायला हवे.

द्रावण त्याच दिवशी संपवा.

टप्पा ५: मार्चमध्येच चाचणी पट्टा

लाटेचा अंदाज आल्यावर चाचणीला वेळ उरत नाही. म्हणून मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ऊन ३८-३९ अंशांवर असताना, शेताच्या मधल्या भागात प्रत्येकी दहा झाडांचे तीन गट करा: एकाला ५० पीपीएम, एकाला १००, एकाला नुसते पीएच दुरुस्त केलेले पाणी आणि स्टिकर. तिसरा गट सोडू नका. अनेकदा भाजणे स्टिकरचे असते आणि नाव सॅलिसिलिक ॲसिडचे होते.

तीन दिवसांनी कोवळ्या पानांच्या कडा आणि टोके पाहा. तांबूस, वाळलेली कड किंवा पानावर थेंबाच्या आकाराचे डाग दिसले तर ती मात्रा त्या पिकाला जास्त आहे.

टप्पा ६: दिवस कसा निवडायचा

भारतीय हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेले, किंवा थेट ४५ अंशांवर पोहोचले, की उष्णतेची लाट धरतात. पिकासाठी मात्र त्या घोषणेची वाट पाहू नका. मेघदूत ॲपवर आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि कृषी सल्ला मिळतो. त्यात कमाल तापमान आत्तापेक्षा तीन-चार अंशांनी चढताना दिसले की मोजायला सुरुवात करा.

फवारणी चढाच्या दोन ते तीन दिवस आधी. एक दिवस आधी चालेल. त्याच दिवशी नको. आठवडाभर आधी करूनही फारसा उपयोग नाही, कारण परिणाम ओसरत जातो. आठ-दहा दिवसांच्या पुढे मी त्याचा भरवसा धरत नाही.

अंदाजात किमान तापमानही वाचा. दिवसा ४४ आणि रात्री २४ असेल तर झाडाला रात्री सावरायला वेळ मिळतो. रात्रीही २९-३० अंशांवर राहिली तर श्वसनात साखर जळत राहते. अशा दिवसांत मिरची-टोमॅटोची फूलगळ ठरलेली, फवारणीने ती कमी होईल, थांबणार नाही.

पिकाची अवस्थाही याच वेळी पाहा. केळीच्या जून-जुलैत लावलेल्या मृगबागेचे घड एप्रिल-मेमध्ये झाडावर असतात. तिथे निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) आधी किंवा निसवण चालू असताना पानांवरची फवारणी कामाची. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कांदेबागेत या काळात पाने वाढत असतात, तिथे पोंग्याची, म्हणजे शेंड्यातून गुंडाळलेली वर येणारी नवी पाने जपायची. भुईमुगात फुलोरा आणि आऱ्या सुटण्याची वेळ. मिरचीत कळी दिसताच, फुले उमलण्याआधी, कारण पराग कळीतच बिघडतात आणि उमललेले फूल आता वाचवता येत नाही.

टप्पा ७: फवारणी

वेळ पहाटेची. उजाडताच सुरू करून आठच्या आत संपवा. संध्याकाळी सहाला हवा कमी तापलेली वाटते, पण मे महिन्यात आपल्याकडे तेव्हाही ३७-३८ अंश आणि हवा कोरडी असते. थेंब पानावर बसण्याआधी वाळतो, मीठ मागे राहते. पहाटे पान रात्रभरात भरलेले असते, हवेत दमटपणा असतो आणि वारा पडलेला असतो.

पाणी भरपूर वापरा. मोठ्या मिरचीला किंवा टोमॅटोला एकरी २०० लिटर. थेंब बारीक, पण धुके नको. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, तिथे छिद्रे जास्त असतात. केळीत नोझल खालून वर धरा. वरून मारलेले पाणी पानाच्या शिरेतून ओघळून पोंग्यात साचते आणि तिथे आम्ल उतरून नवे पान भाजते. पोंग्यात थेट फवारा मारू नका.

ओघळ सुरू झाली की पुढच्या झाडाकडे जा. पान चिंब करण्याने मात्रा वाढत नाही, खाली गळते.

दोन-चार ओळी न फवारता सोडा आणि खुंटी ठोकून ठेवा. पुढचा टप्पा त्यांच्याशिवाय करता येत नाही.

सावध: पंपात आधी तणनाशक वापरलेले असेल तर तो पंप या कामाला नकोच. दोनदा धुतलेला पंपही नको. २,४-डीचा अंशही टोमॅटो, मिरची, कापूस यांची पाने वेडीवाकडी करतो.

टप्पा ८: गुण आला का, हे मोजा

नुसत्या नजरेने ठरवू नका. फवारलेले शेत आपलेच असते, त्यामुळे ते हिरवेच दिसते.

पहिली मोजणी पानाच्या तापमानाची. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान औद्योगिक वापराच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींतली दहा-दहा पाने मोजा. एकाच उंचीची, एकाच दिशेला तोंड असलेली पाने घ्या. कपाळावर ताप मोजायचे यंत्र चालत नाही, त्याची मोजायची मर्यादाच ४२-४३ अंशांवर संपते. फवारलेली पाने न फवारलेल्यांपेक्षा जास्त तापलेली दिसली तर छिद्रे मिटली आहेत: आधी ओल तपासा, मग मात्रा.

दुसरी मोजणी पेशीच्या पडद्याची, आणि ही घरी होते. उन्हाने पेशीचे पडदे फाटले की आतले क्षार बाहेर झिरपतात. लाटेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फवारलेल्या आणि न फवारलेल्या झाडांची समान वयाची पाने आणा. कागदाला भोके पाडायच्या पंचने प्रत्येक गटातून वीस चकत्या काढा. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुवा, कारण कापलेल्या कडेचे आणि फवारलेले क्षारही आकडा वाढवतात. मग काचेच्या बाटलीत पुरेसे, टीडीएस मीटरचे टोक बुडेल एवढे, डिस्टिल्ड वॉटर मोजून घाला. दोन्ही बाटल्यांत पाणी सारखेच हवे. रात्रभर ठेवा, सकाळी मीटर बुडवून आकडा लिहा. नंतर बाटल्या उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा मोजा. पहिला आकडा भागिले दुसरा, गुणिले शंभर: एवढे टक्के क्षार झिरपले. फवारलेल्या गटात हे टक्के स्पष्टपणे कमी असतील तर फवारणी कामाला आली. दोन्ही सारखे असतील तर पुढच्या लाटेला तो खर्च ड्रिपच्या दुरुस्तीवर करा.

किडीकडेही लक्ष ठेवा. सॅलिसिलिक ॲसिडचा निरोप आणि झाडातल्याच जॅस्मोनिक ॲसिड या दुसऱ्या संप्रेरकाचा निरोप बऱ्याचदा एकमेकांना दाबतात, आणि पाने कुरतडणाऱ्या अळ्यांविरुद्धची तयारी जॅस्मोनिककडे असते. फवारणीनंतरच्या आठवड्यात अळ्या आणि फुलकिडे नेहमीपेक्षा बारकाईने पाहा. मिरचीत तर पाहाच.

बियाण्याला भिजवणे

मूग, बाजरी, गहू यांचे बियाणे ५० पीपीएम द्रावणात सहा तास भिजवून सावलीत सुकवून पेरता येते. भुईमुगाचे दाणे भिजवू नका, साल निघते. बीटी कपाशीचे बियाणे आधीच औषध लावलेले येते, त्याला हात लावू नका.

एनएए: तीन मिलिचे काम दहाने बिघडते

४.५ टक्क्यांचे एनएए साडेचार लिटर पाण्याला १ मिलि घेतले की १० पीपीएम होते. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३.३ मिलि. रानात मात्र बाटलीचे झाकण हेच माप असते आणि पंपात आठ-दहा मिलि सहज जाते. हे ऑक्सिन आहे. थोडे असेल तर देठ धरून ठेवते, जास्त झाले की झाड स्वतःच इथिलीन तयार करायला लागते आणि जे थांबवायचे तीच गळ वाढते. कापसाच्या पातेगळीला आणि मिरचीच्या फूलगळीला सुईशिवायच्या सिरिंजने मोजूनच घ्या. लेबलवर तुमच्या पिकाचे नाव आहे का, ते वाचा. सॅलिसिलिक ॲसिडबरोबर एकाच पंपात घालू नका, चार-पाच दिवसांचे अंतर ठेवा.

इथेफॉनची बाटली या दिवसांत शेतावरच्या खोलीत वेगळी, नाव लिहून ठेवा. ते झाडात इथिलीन सोडते. दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात आणि सालदाराला पहाटेच्या अंधारात फरक कळत नाही.

लाट येऊन बसली आणि फवारणी राहिली, तर

त्या आठवड्यात सॅलिसिलिक ॲसिड फवारू नका. पाणी थोडे-थोडे पण वारंवार द्या, रात्री आणि पहाटे. युरियाचा हप्ता थांबवा. कोवळी फूट या उन्हात टिकत नाही. वाळलेली पाने लगेच कापू नका, ती खालच्या पानांना आणि घडाला सावली देतात. पारा दोन-तीन अंशांनी उतरला आणि सकाळी पाने पुन्हा ताठ दिसू लागली की तीन-चार दिवसांनी १३:०:४५ अर्धा ते एक टक्का, म्हणजे लिटरला ५ ते १० ग्रॅम, पहाटे फवारा.

दुसरी आणि तिसरी फवारणी

पहिल्या फवारणीनंतर १२ ते १५ दिवस झाले असतील, नवा चढ अंदाजात असेल आणि पहिल्या वेळी कडा जळल्या नसतील, या तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच दुसरी. एका उन्हाळ्यात तीनपेक्षा जास्त नको. सतत मिळणाऱ्या या निरोपाने झाड वाढ सोडून बचावातच अडकते, शेंडा आखूड राहतो आणि घड हलका भरतो. प्रत्येक वेळी तारीख, मात्रा, पाण्याचा पीएच, त्या दिवसाचे कमाल-किमान तापमान आणि सोडलेल्या ओळींतला फरक वहीत लिहा. आकडे समजत नसतील तर वही घेऊन जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. नुसते जळलेले पान दाखवण्यापेक्षा तिथल्या तज्ज्ञांना त्या वहीवरून कारण शोधणे सोपे जाते. पहिला वळवाचा पाऊस होऊन दिवसाचे तापमान ३८ अंशांच्या खाली स्थिरावले की उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या बाटलीत, नाव आणि तारीख लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.